ट्रॅक्टरचा निकामी सिलिंडर कसा ओळखावा?

इंजिन थरथरू लागले, ओढ कमी झाली व धूर वाढला, तर बहुधा एखादा सिलिंडर काम करीत नाही असे समजावे. अशा स्थितीत नांगरट चालू ठेवू नये. न जळालेले डिझेल खाली उतरून वंगणतेल पातळ करते आणि बेअरिंगे झिजतात.

साध्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद गतीने चालवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा व लगेच आवळावा. नळीसमोर हात धरू नये. इंजिनाचा आवाज उतरला तर तो सिलिंडर चांगला. फरक न पडल्यास दोष तेथेच आहे. मग इंजिन बंद करून तो इंजेक्टर शेजारच्याशी बदलावा. दोष त्याच्याबरोबर सरकला तर इंजेक्टर दुरुस्त करावा. जागीच राहिला तर व्हॉल्व्हचे अंतर व सिलिंडरमधील दाब तपासावा.

मात्र ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या ट्रॅक्टरवर ही परीक्षा कदापि करू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक धूरनियम लागू झाल्यावर अशी इंजिने वाढली आहेत. त्यांच्या नळीतील दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो. डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. तेथे दोषदर्शक दिवा लागताच जाणत्या कारागिराकडून यंत्राद्वारे दोषांक वाचून घ्यावा. दोषांक बहुधा सिलिंडर दाखवितो. बिघाड इंजेक्टरचा, तारेचा की दाबाचा, हे तपासूनच सुटा भाग बदलावा.