‘ब्रेक-इन’ : नव्या भारवाही पिकअप-ट्रकच्या पुस्तिकेतील एक संज्ञा

यंत्राबरोबर ग्राहकाच्या हाती पडणारी माहितीपुस्तिका हा आपल्या भाषाभ्यासकांनी फारसा न हाताळलेला गद्यप्रकार होय. काव्यातील शब्दाचा अर्थ निसटला तर रसहानी होते. पुस्तिकेतील निसटला तर लोखंड झिजते. अमेरिकेतील भारवाही पिकअप-ट्रकांच्या पुस्तिकांत येणारी ‘ब्रेक-इन’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. नवा ट्रक घेतल्यावर त्याच्यामागे ट्रेलर केव्हा जोडावा, हा प्रश्न तिच्या अर्थावर अवलंबून असतो.

येथे ज्या वाहनांचा विचार आहे ती तेथे ‘पाऊण टनी’ आणि ‘एक टनी’ म्हणून ओळखली जातात : फोर्डचे एफ-२५० व एफ-३५०, रॅमचे व शेव्हरोलेचे २५०० आणि ३५००. (ही टनांची नावे आता केवळ अवशेष उरली आहेत, आजचा एक टनी ट्रक आपल्या पाठीवर एका टनाहून कितीतरी अधिक ओझे घेतो.) योग्य जोडसामग्री असल्यास त्यांतील काही ट्रक ३०,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे साडेतेरा टनांहून, अधिक वजनाचा ट्रेलर ओढू शकतात. शेतकरी, घोडे पाळणारे, बांधकामाचे कंत्राटदार हे त्यांचे ग्राहक. त्यांना ट्रक पहिल्याच दिवशी कामाला जुंपावयाचा असतो, आणि पुस्तिका तर ‘थांबा’ म्हणते.

इंग्रजीत हा शब्द घोड्यावरून आला. अशिक्षित घोड्याचा हूडपणा मोडून त्यास लगामाची सवय लावणे, हा त्याचा जुना अर्थ. आपल्याकडे यास ‘घोडा फेरणे’ म्हणत आणि ते काम चाबूकस्वाराचे असे. ब्रिटनने मोटारीसाठी ‘रनिंग-इन’ हा शब्द पसंत केला. नव्या गाडीच्या मागील काचेवर तशी पाटी लावून मागच्यांना पुढे जाण्याची विनंती केली जाई. भारतातही तोच शब्द रूढ झाला. फ्रेंच भाषेतील ‘रोदाज’ मात्र वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातो. कारण त्याच्या मुळाशी घासणे हा अर्थ असून त्याची व्युत्पत्ती लॅटिनमधील कुरतडणे या अर्थाच्या धातूपर्यंत पोहोचते.

अमेरिकन शब्दातील दोष असा की त्यात कर्म संपूर्ण वाहन हे आहे. घोडा फेरला जातो तो सगळाच्या सगळा. ट्रकचे तसे नाही. त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या रीतीने आणि निरनिराळ्या अंतरात बसतात. इतकेच नव्हे, तर एकास जे पथ्यकर तेच दुसऱ्यास अपथ्यकर ठरते.

प्रथम मागील आसाकडे पाहू. इंजिनाचा फिरता दांडा जेथे चाकांच्या आसाला काटकोनात मिळतो तेथे दोन दंतचक्रे असतात. आपल्या गॅरेजांत त्या जोडीस ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात. या ट्रकांत पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याच्या पातळीवर नसतो, खाली असतो. त्यामुळे दात दातावर नुसता लोळत नाही. तो लांबीच्या दिशेने घसरतही जातो. घसरण आली की घर्षण आले आणि घर्षणाबरोबर उष्णता. दातांचे पृष्ठभाग कारखान्यातून कितीही गुळगुळीत होऊन आले तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे राहतातच, आणि आरंभी सारा भार त्या थोड्या उंचवट्यांवर पडतो. हलक्या भाराखाली ते हळूहळू झिजून सपाट होतात, स्पर्शाचे क्षेत्र वाढते, दाब विभागला जातो. या अवस्थेआधीच दहा टनांचा ट्रेलर चढावर ओढला, तर त्या उंचवट्यांवरील दाब व ताप एकदम वाढतात, तेलाचा थर पातळ होऊन तुटतो, आणि दातांच्या पृष्ठभागाचा जो कठीणपणा मुद्दाम दिलेला असतो तोच नाहीसा होऊ लागतो. म्हणूनच दंतचक्रांचे उत्पादक नवी जोडी बसविल्यावर पंधरा-वीस मिनिटे हलक्या भाराने गाडी चालवून ती पूर्ण थंड होऊ द्यावी, असे सांगतात. कोल्हापुरी चप्पल नवी असता चावते. जाणता माणूस तिला तेल लावतो, थोडा वेळ घरात घालतो आणि काढून ठेवतो. तीच ही रीत.

इंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. पिस्टनवरील रिंग सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसावयाची तर तिच्यामागे ज्वलनवायूंचा दाब शिरून त्याने तिला बाहेर रेटले पाहिजे, आणि हा दाब भाराशिवाय उत्पन्न होत नाही. नवे इंजिन तासन्‌तास रिकामेच फिरत ठेवले, तर भिंतीवर मुद्दाम ठेवलेल्या बारीक रेघा बुजून तेथे चकाकी येते आणि रिंग बसावयाची राहून जाते. रॅम ट्रकांतील कमिन्स डिझेल इंजिनाविषयी अलीकडच्या कित्येक पुस्तिकांत स्पष्ट म्हटले आहे की या इंजिनास ‘ब्रेक-इन’ची आवश्यकता नाही; उलट पहिल्या ६,००० मैलांत (सुमारे १०,००० किलोमीटर) भाराखाली चालण्याने त्याचे भाग अधिक चांगले जुळतात. आणि त्याच कंपनीचा ट्रेलरविषयीचा मजकूर सांगतो की पहिले ५०० मैल ट्रेलर मुळीच ओढू नये. उतावळा वाचक पहिले वाक्य धरतो, भित्रा वाचक दुसरे. आणि दोघेही पुस्तिका परस्परविरोधी आहे असे समजतात. वस्तुतः पहिले वाक्य इंजिनाविषयी आहे, दुसरे मुख्यतः आसाविषयी. विरोध यंत्रात नाही, गाळलेल्या कर्मात आहे.

दुसरी अडचण विशेषणवाक्याची आहे, आणि अनुवादकाने येथे विशेष सावध राहावे. रॅम व शेव्हरोले यांच्या पुस्तिकांत दोन टप्पे येतात : ट्रकचे पहिले ५०० मैल (८०५ किलोमीटर) ट्रेलर नाही, त्यानंतर, ज्या पहिल्या ५०० मैलांत ट्रेलर ओढला जातो त्यांत वेग ताशी ५० मैलांच्या (८० किलोमीटरच्या) वर नेऊ नये आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी उभ्या जागेवरून काढू नये. याचा अनुवाद ‘पुढील ५०० मैल’ असा केला की अर्थ बिघडतो. एखाद्याने ट्रक रिकामाच २,००० मैल चालविला, तर ‘पुढील ५०० मैल’ केव्हाच संपले असे तो म्हणेल. पण ट्रेलर ओढलेले मैल त्याच्या खाती शून्यच असतात. अंतरमापकावरचा आकडा हे येथे प्रमाण नव्हे. फोर्डच्या पुस्तिकेत पहिल्या १,००० मैलांपर्यंत ट्रेलर वर्ज्य आहे. वर्षागणिक व नमुन्यागणिक शब्द बदलतात, तेव्हा एकीचा आकडा दुसरीस लावू नये.

ब्रेकविषयी थोडक्यात. नवे ब्रेक-लायनर चकतीवर पूर्ण टेकलेले नसतात. शेव्हरोलेची पुस्तिका पहिले २०० मैल जोराने ब्रेक मारू नये असे बजावते.

आता मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘मुरणे’ चालणार नाही. लोणचे बरणीत ठेवल्यानेच मुरते, ट्रक अंगणात उभा ठेवून काहीच साधत नाही. ‘रुळणे’ जवळचा आहे खरा. नवी सून घरात रुळते, नवा कारकून कचेरीत रुळतो. पण तेथेही रुळते ती संपूर्ण व्यक्ती, म्हणजे घोड्याचाच दोष पुन्हा येतो. माझ्या मते आपल्या कारागिरांच्या तोंडचे ‘बसणे’ हेच क्रियापद उत्तम, कारण ते कर्त्याचे नाव घेतल्यावाचून वापरताच येत नाही : रिंग बसते, दात बसतात, लायनर बसतो. पुस्तिकेतील वाक्य मग असे होईल : ‘मागील आसाचे दात बसेपर्यंत, म्हणजे पहिले ५०० मैल, ट्रेलर जोडू नये, जोडल्यानंतर, ट्रेलरसह होणाऱ्या पहिल्या ५०० मैलांत ताशी ५० मैलांच्या आत राहावे.’