रेंगाळणारा ४८६ भंगारात देण्याआधी

घोडपदेवहून रे रोडचा पूल ओलांडला की दारूखान्याचं भंगार; उलट दिशेला भायखळ्यापलीकडे लॅमिंग्टन रोड. नव्वदच्या दशकात मुंबईतले कितीतरी कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांतून जुळवलेले असत. त्यातला एखादा ४८६ तुमच्या पोटमाळ्यावर असेल आणि सुरू केल्यावर फारच रेंगाळत असेल, तर त्याला दारूखान्याची वाट दाखवू नका. पुष्कळदा प्रोसेसर धडधाकट असतो. बोर्डावरची बॅटरी संपून बायॉसची सेटिंग्ज पुसली जातात आणि कॅश बंद राहू शकते.

१९९२च्या ४८६डीएक्स२-६६ प्रोसेसरचा एक ठोका साधारण १५ नॅनोसेकंदांचा. त्या काळची रॅम ६० ते ७० नॅनोसेकंदांची, म्हणजे प्रोसेसरला तिची वाट पाहावी लागे. कापड गिरणीला दर वेळी कॉटन ग्रीनच्या गोदामातून कापसाची गाठ येईपर्यंत थांबावं लागलं असतं, तर तिच्यातली खाती उभीच राहिली असती. म्हणून थोडा माल हाताशी ठेवावा लागतो. प्रोसेसरच्या हाताशी असलेला हा साठा म्हणजे कॅश. इंटेलने १९८९ साली ४८६च्या पोटातच ८ किलोबाइट कॅश दिली. शिवाय बोर्डावर बहुधा १२८ किंवा २५६ किलोबाइटच्या वेगळ्या चिप्स असत.

मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायॉसमध्ये जा. इंटर्नल आणि एक्स्टर्नल, दोन्ही कॅश 'एनेबल्ड' हव्यात. सर्वात मोठा फरक इथेच पडतो. त्यानंतर कॅश वाचण्याचं टायमिंग. ३-२-२-२ म्हणजे माहितीचे चार घास उचलायला नऊ ठोके. २-१-१-१ ला पाचच. पण चिप्स तेवढ्या चपळ नसतील तर मशीन अडकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप चुकीची माहिती लिहितं. एका वेळी एकच सेटिंग बदला, वहीत नोंदवा आणि एखादी मोठी झिप फाइल उघडून पाहा. ती बिघडलेली निघाली, तर एक पायरी मागे या. वेगाच्या हव्यासापायी ही चाचणी टाळणं मला अक्षम्य वाटतं.

पेंटियमवाल्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. इंटेलच्या ४३०व्हीएक्स आणि ४३०टीएक्स चिपसेटवर बोर्डावरची कॅश पहिल्या ६४ मेगाबाइट रॅमपुरतीच काम करते. त्यापुढे रॅम वाढवली तर विंडोज ९५ उलट मंदावू शकतं.

जुने डॉस गेम भरधाव पळत असतील, तर इंटर्नल कॅश मुद्दाम बंद करा. तेवढ्यानेही बरेच काबूत येतात.

वीज जोडण्याआधी मात्र बोर्डावरची पिंपासारखी बॅटरी नीट पाहा. ती पाझरली असेल तर आसपासच्या तांब्याच्या रेषा आणि कॅशचे सॉकेट खाऊन टाकते. आधी ती काढा, जागा साफ करा. आणि मशीन चालू झालं की सेटिंगला हात लावण्यापूर्वी हार्ड डिस्कवरचा सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मराठी मजकूर असेल तर ते फॉन्टही सोबत घ्या, नाहीतर तो नव्या मशीनवर वाचता येणार नाही.