धातूची काच कशी होते आणि का तुटते

आज काचेबद्दल बोलायचं आहे, पण खिडकीच्या काचेबद्दल नव्हे. ही काच पोलादासारखी चकाकते, वीज वाहते, तिच्यातून आरपार काही दिसत नाही. हातात घेतली तर धातूच वाटते, आणि ती असतेही धातूचीच. इंग्रजीत तिला बल्क मेटॅलिक ग्लास म्हणतात. आपण धातुकाच म्हणू. 'बल्क' म्हणजे जाड, ठोकळ्याच्या रूपातली. हे विशेषण मुद्दाम का लावावं लागलं, ते पुढे येईलच.

आधी 'काच' या शब्दाचा घोळ मिटवू. आपण पारदर्शक वस्तूला काच समजतो. शास्त्राच्या दृष्टीनं काच ही पदार्थाची एक अवस्था आहे. द्रवातले अणू अस्ताव्यस्त असतात. थंड होताना त्यांना रांगेत लागायला वेळच मिळाला नाही आणि ते जागच्या जागी थिजले, की काच झाली. हे आपल्या स्वयंपाकघरातही घडतं. खडीसाखर आणि साखरेची चिक्की, दोन्ही साखरच. खडीसाखर सावकाश बसते, तिचे रेणू शिस्तीत रचले जातात, म्हणून तिला पैलू पडतात. चिक्कीचा पाक ताटावर पसरला की भराभर निवतो, रेणूंना रांगा धरता येत नाहीत, आणि ती काचेसारखी कडकन तुटते.

फौजेत आयुष्य गेल्यामुळे मला हे परेडच्या मैदानावर जास्त चांगलं दिसतं. 'सावधान'मध्ये उभी असलेली पलटण म्हणजे स्फटिक. पहिला जवान कुठे आहे ते कळलं की शंभरावा कुठे असेल ते डोळे मिटून सांगता येतं. जत्रेतली गर्दी म्हणजे काच. माणसं जवळपास तितकीच खेटून उभी असतात, शेजारी कोण आहे हेही प्रत्येकाला माहीत असतं, पण दहा माणसांपलीकडचं काही सांगता येत नाही.

आता अडचण अशी की धातूंना या परेडची फार ओढ. वाळूपासून होणाऱ्या नेहमीच्या काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधलेले असतात. ते जाळं वितळल्यावरही जड, चिकट राहतं, त्यामुळे काच होणं सोपं जातं. धातूंचे अणू मात्र सुट्या गोट्यांसारखे. वितळलेलं लोखंड पाण्यासारखं पातळ वाहतं, आणि थंड होऊ लागलं की अणू निमिषार्धात रांगा धरतात. आपलं लोखंड, तांबं, पितळ, सोनं सगळं स्फटिकी असतं ते यामुळेच. ते स्फटिक बारीक दाणे होऊन एकमेकांत रुतलेले असतात, म्हणून बाहेरून दिसत नाहीत एवढंच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, पोल ड्युवेझ आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट व विलेन्स यांनी १९६० साली ही चौकट मोडली. गंमत म्हणजे ते काच शोधत नव्हते. एरवी एकमेकांत न मिसळणारे धातू फार झपाट्यानं थंड केले तर मिसळलेलेच राहतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी वितळलेल्या मिश्रधातूचा थेंब वायूच्या दाबानं थंड तांब्यावर फेकायचा, अशी युक्ती त्यांनी केली. सोनं आणि सिलिकॉनच्या मिश्रणावर क्ष-किरण टाकले तेव्हा स्फटिकाच्या ठळक रेषांऐवजी नुसतं पसरट वलय दिसलं. रांगा नव्हत्याच. थंड होण्याचा वेग होता सेकंदाला सुमारे दहा लाख अंश. हजार अंशांवरून खाली यायला सेकंदाचा हजारावा हिस्सा! अर्थातच तयार झाली ती पातळ पापुद्र्याएवढी वस्तू. जाड तुकडा आतून इतक्या वेगानं थंडच होऊ शकत नाही, कारण उष्णतेला बाहेर पडायला वेळ लागतो.

सोनं आणि सिलिकॉनचीच जोडी का जमली? सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, सिलिकॉन १४१४ ला. पण ठरावीक प्रमाणात दोघं एकत्र आले की मिश्रण ३६३ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. सोल्डरमध्ये शिसं आणि कथील एकत्र आल्यावर वितळणबिंदू घसरतो, तोच हा प्रकार, पण फार मोठ्या प्रमाणावर. इथंच सगळी किल्ली आहे. द्रव गोठायला लागतो ते तापमान आणि तो थिजून काच होतो ते तापमान, या दोहोंमधला पट्टा म्हणजे धोक्याचा मुलूख. त्याच मुलुखात स्फटिक धरतात. वरच्या टोकाला अणू चपळ असतात पण रांगेत जाण्याची निकड कमी असते. खालच्या टोकाला निकड मोठी असते पण हालचाल अवघड झालेली असते. मधोमध दोन्ही गोष्टी जुळतात आणि घात होतो. हा मुलूख जितका अरुंद, तितकं तो पार करणं सोपं. हार्वर्डच्या डेव्हिड टर्नबुल यांनी याचा ठोकताळा दिला: निरपेक्ष मापानं थिजण्याचं तापमान वितळण्याच्या तापमानाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असेल, तर काच सहज होईल.

या पहिल्या काळात भारतही मागे नव्हता, हे आवर्जून सांगतो. बनारस हिंदू विद्यापीठात टी. आर. अनंतरामन आणि सी. सूर्यनारायण यांनी झटपट थंड केलेल्या धातूंवर मोठं काम केलं. त्या विषयातल्या पहिल्या दशकाचा आढावा त्यांनी १९७१ मध्ये घेतला. पुढे सूर्यनारायण यांनी जपानच्या अकिहिसा इनोउए यांच्याबरोबर धातुकाचेवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

या इनोउए यांचं नाव महत्त्वाचं. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वेग वाढवण्याचा नाद सोडला आणि अणूंनाच गोंधळात टाकायचं ठरवलं. तीन किंवा जास्त मूलद्रव्यं घ्यायची, त्यांच्या अणूंचे आकार एकमेकांपासून बारा टक्क्यांहून जास्त वेगळे ठेवायचे, आणि एकमेकांची ओढ असलेली निवडायची. मग रांग लावायची तर कोणाशेजारी कोण, हे ठरायलाच वेळ लागतो. घरची मंडळी पाकात लिंबू पिळतात ना, तेच हे. लिंबाच्या आंबटपणानं साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, तीन तऱ्हेचे रेणू एकमेकांच्या आड येतात आणि पाकात पुन्हा दाणे धरत नाहीत. धातुशास्त्रज्ञांना हे कळायला जवळजवळ तीन दशकं जावी लागली. हलवाई मंडळी आधीपासून करत होती.

१९९३ मध्ये कॅलटेकच्याच पेकर आणि जॉन्सन यांनी व्हिट्रेलॉय नावाची मिश्रधातू जाहीर केली. झिर्कोनियम, टायटेनियम, तांबं, निकेल आणि बेरिलियम अशी पाच जणांची मोट. वितळल्यावर ती लोखंडासारखी पातळ नसते, मधासारखी दाट असते. तिला सेकंदाला एक अंश या वेगानं थंड केलं तरी पुरतं. सुमारे ७२० अंशांना ती पूर्ण वितळलेली असते आणि ३५० च्या आसपास थिजते. म्हणजे ड्युवेझना जिथं सेकंदाचा हजारावा भाग मिळत होता, तिथं आता सहा मिनिटं मिळतात. पापुद्र्याच्या जागी काही सेंटिमीटर जाडीचा ठोकळा आला. 'बल्क' हे विशेषण लागलं ते या जाडीमुळे.

आतली रचना म्हणजे निव्वळ गोंधळ, असं मात्र समजू नका. एका गोटीभोवती तशाच बारा गोट्या दाटीनं बसवायच्या असतील तर एक सुरेख मांडणी मिळते, वीस त्रिकोणी बाजूंची. फ्रँक नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५२ मध्येच दाखवलं होतं की तेरा अणूंचा असा एकटा पुंजका स्फटिकी मांडणीपेक्षा ऊर्जेच्या दृष्टीनं फायद्याचा असतो. पण त्यात पाच बाजूंची समरूपता असते, आणि पंचकोनी फरशा जमिनीवर फटी न ठेवता बसत नाहीत हे कोणताही गवंडी सांगेल. त्यामुळे हे पुंजके शेजारी शेजारी रचत रांग तयार होत नाही. धातुकाचेत जवळच्या शेजाऱ्यांपुरती अशी शिस्त असते, एक-दोन नॅनोमीटरपर्यंत तिचा माग लागतो, त्यापुढे ती हरवते. घनतेतला फरकही किरकोळ. काच तिच्या स्फटिकी रूपापेक्षा जेमतेम एखादा टक्का सैल. म्हणून साच्यात ओतल्यावर ती आकसत नाही आणि साच्याची बारीकसारीक रेघ उचलते.

आता बळाकडे येऊ. साध्या धातूची ताकद रांगांतल्या चुकांवर ठरते. बराकीत मोठी सतरंजी सरकवायची असेल तर आम्ही ती अख्खी ओढत नसू. एका टोकाला सुरकुती पाडायची आणि ती ढकलत दुसऱ्या टोकाला न्यायची, सतरंजी सरकते. स्फटिकातही अशाच सुरकुत्या असतात, त्या सरकतात आणि धातू थोड्या जोरातच वाकतो. धातुकाचेत रांगच नाही, तर सुरकुती कुठून पडणार? म्हणून ती जबर ताकदवान. बांधकामाच्या सळईवर 'एफई ५००' लिहिलेलं असतं, म्हणजे ५०० मेगापास्कल ताणापर्यंत ती कायमची वाकत नाही. व्हिट्रेलॉय १९०० च्या आसपास टिकते. त्याहून विशेष तिची लवचिकता. एक मीटरची सळई अडीच मिलिमीटर ताणली तोवर मूळ लांबीवर परत येते. धातुकाचेचा गज दोन सेंटिमीटर ताणूनही परत येतो. हिशेब केला तर तेवढ्याच आकारमानात ती सळईच्या सुमारे तीसपट ऊर्जा साठवून परत देते. गोल्फच्या दांड्यांसाठी ती वापरली गेली ते या उसळीमुळे.

इतकं सगळं असूनही, बेली पुलाची पिन या काचेची करा म्हणून कोणी कागद पुढे केला तर मी सही करणार नाही. कारण सांगतो. तांब्याची तार वाकवून पाहा. एकदा वाकवली की त्या जागी ती आधीपेक्षा कडक होते, मग पुढचं वाकणं शेजारच्या भागात होतं. नुकसान वाटलं जातं. पूल झोळतो, पिन दबते, आवाज येतो आणि माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. धातुकाच नेमकी उलटी वागते. ताण हाताबाहेर गेला की काही डझन अणूंचे गट जागा बदलतात, ती जागा कडक न होता मऊ पडते, मग पुढचा सगळा भार तिथंच येतो. दहा-वीस नॅनोमीटर जाडीचा एक पट्टा तुकड्यातून आरपार सुटतो आणि ताणाखाली असेल तर क्षणात दोन तुकडे. बाकीचा ९९ टक्के माल जसाच्या तसा, न वापरलेला. सूचना नाही, झोळ नाही.

त्या पट्ट्यात किती उष्णता होत असेल? लेवांडोव्स्की आणि ग्रीअर यांनी २००६ मध्ये साधी पण झकास युक्ती केली. धातुकाचेवर कथिलाचा पातळ मुलामा दिला आणि ती वाकवली. पट्टे फुटले तिथं कथील वितळून त्याचे मणी झाले. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे तिथलं तापमान निदान तेवढं चढलं होतं. तुटलेल्या पृष्ठभागावर शिरांची नक्षी दिसते, दोन काचांमध्ये ग्रीस दाबून त्या ओढून वेगळ्या केल्यावर उमटते तशी. या सगळ्या वागणुकीवर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना उपद्रष्टा राममूर्ती यांनी शू आणि हफनागेल यांच्यासह २००७ मध्ये लिहिलेला आढावा आजही अभ्यासक उघडतात.

इलाज शोधले गेलेच. काचेच्या पोटातच मऊ स्फटिकांच्या फांद्या वाढू द्यायच्या, म्हणजे सुटलेला पट्टा त्यांवर अडतो आणि एकाऐवजी शेकडो छोटे पट्टे होतात. कॅलटेकच्या गटानं २००८ मध्ये अशा मिश्रणात ताणाखालीही दहा टक्क्यांहून जास्त लांबण्याची क्षमता दाखवली. पातळपणाही मदतीला येतो: मिलिमीटरहून पातळ पट्टी वाकवली तर पट्टे आखूड राहतात आणि ती तुटत नाही.

आणि फौजेला या दोषातच उपयोग दिसला. रणगाडाभेदी गोळ्यातला लांब दांडा कवचात शिरताना टंगस्टनचा असेल तर टोकाशी कुत्र्याच्या छत्रीसारखा पसरतो, भोक रुंद होतं आणि जोर वाया जातो. युरेनियमचा दांडा कडांना कापला जात स्वतःच टोकदार राहतो, पण युरेनियमचं विष आणि किरणोत्सर्ग नको असतो. धातुकाचेत टंगस्टनच्या तारा घातलेले दांडे चाचण्यांत असेच स्वतःला धार लावत गेले. नुसती झिर्कोनियमची काच चालत नाही, कारण तिची घनता पाण्याच्या सहापट आणि टंगस्टनची एकोणीसपट. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात टंगस्टनच्या जड मिश्रधातूचे असे दांडे बनतात.

रोजच्या जीवनात धातुकाच भेटते ती जाड रूपात नव्हे, रिबिनीच्या रूपात. विजेच्या अनेक ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनची सुमारे पंचवीस मायक्रॉन जाडीची रिबीन असते. दाणेच नसल्यामुळे चुंबकत्वाची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट करताना आडकाठी येत नाही आणि रिकाम्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज नेहमीच्या गाभ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. जाड धातुकाचेचा गाजावाजा जास्त, पण देशाची वीज वाचवते ती ही रिबीन.

जाड काच महाग का, तेही ऐका. झिर्कोनियमला ऑक्सिजनची इतकी हाव की ओतकाम निर्वात भट्टीत करावं लागतं. थोडा ऑक्सिजन शिरला तरी स्फटिक धरतात. बेरिलियम वजनात जेमतेम साडेतीन टक्के, पण त्याची धूळ फुप्फुसाला घातक. शिवाय ३५० अंशांच्या वर काच पुन्हा मऊ होते आणि आणखी तापवली की रांगा धरून ठिसूळ बनते, म्हणून इंजिनात तिला जागा नाही. मात्र ती मऊ होण्याची अवस्था कामाचीही आहे. फिरोजाबादचा कारागीर जशी काच फुंकतो, तशी येल विद्यापीठात यान श्रोअर्स यांच्या गटानं धातूची बाटली फुंकून दाखवली.

माझ्या मते या काचेची खरी जागा थंडीत आहे. उंचावरच्या चौकीत राहिलेल्यांना माहीत आहे की शून्याखाली तीस-चाळीसला शस्त्राचं तेल घट्ट होतं आणि यंत्र अडतं. चंद्रावरच्या रात्री तर प्रश्नच नको. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं 'कोल्डआर्म' नावाचा यांत्रिक हात बनवला आहे, त्यातली दातेरी चाकं धातुकाचेची आहेत. उणे १७३ अंशांच्या आसपास ती वंगणाशिवाय आणि गरम केल्याशिवाय फिरावीत अशी त्यांची रचना आहे.