दूरवैद्यक आणि वेदनेचे शब्द

ज्ञानसंस्थांना परस्परांशी जोडणारी जाळी आपल्या देशात १९८६ च्या ‘अर्नेट’पासून आहेत, २०१० मध्ये ‘राष्ट्रीय ज्ञानजाला’स मान्यता मिळाली. त्याच्या आधारावर वैद्यकीय महाविद्यालयांचे जे जाल उभारण्यात आले, त्यात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे पश्चिम विभागाचे साधनकेंद्र होय. अध्यापन आणि तज्ज्ञांचा विचारविनिमय ही त्याची कामे. गावच्या उपकेंद्रापर्यंत जाणे हे मात्र त्याचे मूळ प्रयोजन नव्हे. तेथे २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ साध्या इंटरनेटवरून चालते, आणि समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णास दूरस्थ डॉक्टरांपुढे बसवितो.

भाषाभ्यासकाने थांबावे ते येथे. बारामती नगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या जळोचीसारख्या गावचा रुग्ण वेदनेस एकच नाव देत नाही. कळ येते नि ओसरते. ठणका नाडीच्या ठेक्याने चालतो. चमक क्षणात निघून जाते. मुरडा पोटातच येतो. डॉक्टरांचा हात पोटावर असला म्हणजे शब्दाची उणीव स्पर्श भरून काढतो. तारेवरून स्पर्श जात नाही. सारा भार शब्दावर पडतो. अशा वेळी नोंदीत केवळ ‘दुखते’ एवढेच उतरले, तर जाल कितीही वेगवान असो, निदानास हवा असलेला भेद अलीकडेच राहतो. (हा दोष यंत्राचा नव्हे, नोंदपत्रकाचा.)

बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णांच्या तोंडचे वेदनावाचक शब्द टिपून ते प्रत्यक्ष निदानाशी ताडून पाहण्याचे काम तेथे वैद्यक आणि भाषाविज्ञान यांनी मिळून हाती घेण्याजोगे आहे.