अंडाकार ट्रॅकवरचे ट्रक आणि आपला महामार्ग

‘ट्रकची शर्यत’ असं म्हटलं की सौंदडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आपला रस्ताच येणार. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना ‘सहा नंबर’. एका अंगाला साकोली, भंडारा, नागपूर. दुसऱ्या अंगाला देवरी आणि पुढे छत्तीसगड. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ट्रक येतोय की जातोय, भरलेला आहे की रिकामा, हे आपल्यापैकी बरेचजण आवाजावरून सांगतील. त्यामुळे अमेरिकेतली ट्रकची शर्यत मोबाइलवर पाहणारी पोरं आपल्या गावात आहेत, यात नवल नाही. ती कशी चालते हे आज आपण समजून घेऊ. ते समजलं की आपल्या रस्त्यावरची काही वळणंही वेगळी दिसायला लागतील, आणि खरं तर आमचा हेतू तोच आहे.

आधी ‘ट्रक’ म्हणजे काय ते पाहू

या शर्यतीतला ट्रक म्हणजे आपला दहाचाकी नव्हे. अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात: पुढे केबिन, मागे उघडा हौदा. फोर्ड, शेवरले, टोयोटा या कंपन्यांच्या पिकअपचं रूप घेऊन ही वाहनं पळतात. ‘स्टॉक कार’ या नावाचा मूळ अर्थ दुकानात मिळते तशीच गाडी. सुरुवातीला लोक खरोखर तशाच गाड्या पळवायचे. आता फक्त चेहरा तसा राहिला आहे. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, एकच सीट आणि मोठं व्ही-८ इंजिन. वजन दीड टनाच्या आसपास, आणि तेही होईल तितकं जमिनीलगत ठेवलेलं.

नॅसकार या संस्थेने ही मालिका १९९५ साली सुरू केली. पहिली शर्यत ५ फेब्रुवारी १९९५ ला ॲरिझोनातल्या फीनिक्सला झाली आणि माइक स्किनर जिंकला. कल्पना मात्र वाळवंटात ट्रक पळवणाऱ्या चार हौशी मंडळींची होती. सुरुवातीच्या काळात या शर्यतीला चक्क नाटकासारखं मध्यंतर असायचं. बऱ्याच छोट्या ट्रॅकवर पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला नीट जागा नव्हती, म्हणून सगळेच थांबायचे. पुढे मालिका वाढली आणि २००० साली फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोठ्या ट्रॅकवर पोहोचली. तिथली एक फेरी ४ किलोमीटरची, अशा १०० फेऱ्या. म्हणजे सौंदडहून नागपूरला जावं, परत यावं, पुन्हा नागपूर गाठावं, त्याहून थोडं जास्तच. आणि हे सगळं डावीकडे वळत वळत.

पट सरळ, हा गोल

आपल्याला शर्यत नवीन नाही. शंकरपटात बैलजोडी सरळ पळते, सेकंदाच्या हिशोबात निकाल लागतो. सरळ पळण्यात ताकद आणि सुटण्याची चपळाई मोठी. गोल फिरण्यात तिसरीच गोष्ट येते, आणि तीसुद्धा आपण पाहिलेली आहे. धान चुरताना खळ्यात बैलांची पात मेढीभोवती फिरते. मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो आणि कडेच्या बैलाला लांब पल्ला चालावा लागतो. अंडाकार ट्रॅकवर चाकांचं तेच होतं. गाडी सतत डावीकडे वळते, म्हणून उजव्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. त्यासाठी उजवीकडचं टायर डावीकडच्यापेक्षा घेराने किंचित मोठं बसवतात. अशी गाडी सरळ रस्त्यावर सोडली तर ती आपोआप डावीकडे ओढ घेईल. तिथे मात्र हीच खोड उपयोगी पडते.

वळणाचं गणित

आता मुख्य मुद्दा. दहावीच्या पोरांना हे सोपं जाईल, बाकीच्यांनीही घाबरू नये. धावती गाडी सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचं तर कोणीतरी आतल्या बाजूला ओढावं लागतं. दोरीला दगड बांधून फिरवला तर हे काम दोरी करते. पुस्तकात याला अभिकेंद्री बल म्हणतात. सपाट रस्त्यावर ही दोरी म्हणजे टायरची पकड, दुसरं काही नाही. आणि वेग दुप्पट केला की लागणारी ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे एवढं एक वाक्य घरी घेऊन गेलात तरी आजचं येणं फुकट गेलं नाही.

मग ट्रॅक बांधणारे काय करतात? वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलतात. याला बँकिंग म्हणतात. रस्ता तिरपा झाला की गाडीला खालून मिळणारा आधारच तिला थोडा आत ढकलतो आणि टायरवरचा भार हलका होतो. डेटोनाच्या वळणांवर हा तिरपेपणा ३१ अंशांचा आहे. म्हणजे ७ मीटर रुंदीला बाहेरची कड साडेतीन मीटरहून जास्त उंच. पायी चढायचं तर हात टेकावे लागतील. आपल्या महामार्गावरही वळणाला उठाव देतात, पण मैदानी भागात त्याची कमाल मर्यादा ७ टक्के धरतात. ७ मीटर रुंदीला जेमतेम अर्धा मीटर. हे बरोबरच आहे. आपल्या रस्त्यावर बैलगाडी, सायकल, हळू चढणारा भरलेला ट्रक, सगळेच चालतात. ३१ अंशांच्या उतारावर तणसाचा ट्रक हळू चालला तर आतल्या बाजूला घसरेल, नाहीतर आडवा होईल.

आता दोन्हीकडे ३०० मीटर त्रिज्येचं वळण आहे असं धरू. टायरच्या पकडीवर काहीच भार न टाकता, नुसत्या तिरपेपणाच्या जोरावर किती वेगाने वळता येईल? आपल्या ७ टक्क्यांच्या रस्त्यावर ताशी सुमारे ५२ किलोमीटर. डेटोनासारख्या वळणावर ताशी सुमारे १५१. वळण तेच, गाडी तीच, वेग जवळपास तिप्पट. यात ड्रायव्हरच्या छातीचा काही संबंध नाही. तो वेग बांधकाम करणाऱ्याने आधीच रस्त्यात घालून ठेवला आहे. मोबाइलवर दिसतो तो ड्रायव्हर. खालचा रस्ता किती तिरपा आहे हे कॅमेऱ्यात नीट येतही नाही.

घसरणं आणि उलटणं

शर्यतीतला ट्रक वेग जास्त झाला की आधी घसरतो, कारण त्याचं वजन खाली आहे. आपला भरलेला ट्रक घसरण्याआधीच उलटू शकतो. हिशोब सरळ आहे. चाकांमधलं अंतर २ मीटर धरा, आणि भाराचा मध्य जमिनीपासून २ मीटर उंचीवर. बाजूचा जोर वजनाच्या निम्म्याएवढा झाला की आतली चाकं जमीन सोडायला लागतात. १०० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर हा क्षण ताशी सुमारे ८० किलोमीटरला येतो. माल उंच रचला आणि मध्य अडीच मीटरवर गेला, तर ताशी ७१ लाच. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात पाटे दबतात, माल सरकतो, टँकरमधलं तेल एका बाजूला धावतं, म्हणून ट्रक त्याच्याही आधी जातो. आणि ड्रायव्हरला आधी कळत नाही. घसरणारी गाडी इशारा देते, उलटणारी देत नाही. माल वर रचणाऱ्याने दहा किलोमीटर वेग चोरलेला असतो, आणि हे स्टेअरिंगवर बसलेल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पाठीला पाठ लावून

शर्यतीत ट्रक एकामागे एक, हातभर अंतरावर पळताना दिसतात. पुढचा ट्रक हवा फोडतो, त्याच्या मागे हवा पातळ होते, मागच्याला कमी जोर लागतो. मागची हवा भरून निघाल्यामुळे पुढच्याचाही ओढा कमी होतो. एकटा पळणारा मागे पडतो, जोडीने पळणारे पुढे जातात. पिकअपचा आकार चौकोनी, म्हणून हवेतलं हे भगदाडही मोठं.

आपल्या महामार्गावरही दोन ट्रक असेच चिकटून जाताना दिसतात. फरक काय? शर्यतीत प्रत्येक ड्रायव्हरचा एक माणूस उंचावर उभा असतो. ‘पुढे गाड्या आदळल्या, खाली ये’ असं तो रेडिओवर क्षणोक्षणी सांगतो. समोरून कोणी येत नाही, गाय आडवी येत नाही. इथे ताशी ८० ला ट्रक एका सेकंदात २२ मीटर जातो. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ते २२ मीटर संपलेले असतात. पुढच्याशी अंतर दहाच मीटरचं असेल तर ब्रेकचा विचारही फुकट.

चुकीला ठेवलेली जागा

१८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या मोठ्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट हा त्या खेळातला सर्वांत गाजलेला माणूस भिंतीवर आदळून गेला. त्यानंतर त्या खेळाने स्वतःला बदललं. डोकं झटक्याने पुढे जाऊ नये म्हणून हेल्मेट खांद्यांवरच्या पट्ट्याला बांधणारं साधन त्याच वर्षी सक्तीचं झालं. काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि फोम यांची, धक्का पिणारी दुसरी भिंत आली. ती पहिल्यांदा २००२ साली इंडियानापोलिसला बसली. ट्रॅकवर एखादी गाडी बंद पडली की पिवळा झेंडा निघतो, सगळे रांगेत हळू चालतात, कोणी कोणाला ओलांडत नाही.

आपल्याकडचा पिवळा झेंडा कोणता? बंद ट्रकच्या मागे ठेवलेली झाडाची फांदी आणि चार दगड. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात, आणि रात्री मोटरसायकलवाला त्यावर जातो. चमकणारा त्रिकोण गाडीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो बाहेर काढून मागे लांबवर ठेवायला दोन मिनिटं लागतात.

भारतात काय झालं

भारतातही ट्रकची शर्यत झाली आहे. २३ मार्च २०१४ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटा मोटर्सने प्राइमा ट्रकची शर्यत भरवली. तो ट्रॅक अंडाकार नाही, डावी-उजवी वळणं असलेला आहे. पण ट्रक आपल्या ओळखीचे, अवजड. पहिली दोन वर्षं परदेशी ड्रायव्हर धावले. २०१६ साली प्रशिक्षण दिलेले भारतीय ड्रायव्हर स्टेअरिंगवर बसले, आणि हेच आम्हाला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याला धाब्यावर कोणी ‘अहो’ म्हणत नाही, त्याच्या हातातल्या कसबाला तिथे टाळ्या मिळाल्या. अंडाकार ट्रॅक पाहायचाच असेल तर इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा आहे, २०२१ साली सुरू झालेला. तिथे वाहनांच्या चाचण्या होतात.

आता शेवटचं. शर्यतीतला ड्रायव्हर दोन-तीन तास गाडी चालवतो आणि त्याच्यामागे डझनभर माणसं राबतात. आपल्या रस्त्यावरचा ड्रायव्हर रात्रभर चालवतो, सोबत फार तर एक क्लीनर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. उशिरा का होईना, चांगलं झालं. विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

तर मंडळी, शर्यत जरूर पाहा. पाहताना नजर खाली ठेवा: वळण किती तिरपं आहे, वजन कुठे आहे, भिंतीपुढे काय लावलंय. मग मोटरसायकल घेऊन महामार्गाकडे निघालेल्या आपल्या पोराला एवढंच सांगा, की तो वेग त्या रस्त्याचा आहे, आपल्या रस्त्याचा नाही. आणि तुमच्या घरात कोणी ट्रकवर असेल, तर माल किती उंच भरलाय हे निघण्याआधी त्याला विचारा.