घरच्या व्हिडिओ गेमचे पॅनेल : आधी हात पाहा, मग भोक पाडा

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्याला कारणही आहे. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत व्हिडिओ गेमची पार्लरे होती, आणि भाजीतून उरलेले नाणे तिथे गेले म्हणून कित्येक पोरांनी घरी मार खाल्ला. ‘मुस्तफा’ हे नाव त्या पिढीला अजून आठवते. त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, आणि मुस्तफा हा त्यातला एक गडी. त्या वेळची पोरे आज आईबाप झाली आहेत. त्यांतल्या ज्यांच्या हातात कसब आहे त्यांना तसली पेटी घरीच बनवावीशी वाटते.

पेटी म्हणजे काय, तर प्लायवूडचा सांगाडा, मॉनिटर आणि आत एक छोटा संगणक. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम आणला आणि पार्लरमधल्या यंत्रांचे काम साधा संगणक करू लागला. पण आम्हाला आज बोलायचे आहे ते हात ज्या फळीवर पडतात तिच्याविषयी, म्हणजे कंट्रोल पॅनेलविषयी. घरातले कोण खेळणार आणि कोण नुसते बाजूला उभे राहून बघणार, हे ही फळीच ठरवते.

खेळ कोणते, बटणे किती?

बटणे जास्त तितकी पेटी भारी, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९८० सालच्या ‘पॅकमॅन’ला फक्त एक दांडा होता, खेळायचे बटण एकही नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला दांडा नव्हता, पाच बटणे होती. १९८१ चा ‘सेंटिपीड’ तळहाताने फिरवायच्या चेंडूवर चाले. तो एड लॉग आणि डोना बेली यांनी मिळून केला. त्या काळी या धंद्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे. मुस्तफाला दोन बटणे पुरत. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला मात्र दांडा आणि सहा बटणे लागली.

म्हणून आधी घरच्यांना बसवून खेळांची यादी करावी. त्यात सहा बटणांचा खेळच नसेल तर सहा बटणांचा खर्च कशाला?

पुठ्ठ्यावर पंजा उमटवा

यादी झाली की पॅनेलच्या मापाचा जाड पुठ्ठा कापावा. दोघे शेजारी उभे राहून खेळणार असतील तर कोपराला कोपर लागू नये इतकी रुंदी हवी. अडीच फूट धरायला हरकत नाही. मग घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून, हात सैल सोडून त्यावर ठेवावा आणि दुसऱ्याने बोटांच्या टोकांशी पेन्सिलीने खुणा कराव्यात. खुणा सरळ रेषेत येत नाहीत, त्यांची कमान होते, कारण मधले बोट लांब आणि करंगळी आखूड. बटणांची ओळही तशीच वळवावी. पट्टी लावून सरळ आखलेल्या बटणांवर मनगट लवकर दुखते.

जपानी पद्धतीच्या मोठ्या बटणाला ३० मि.मी.चे भोक लागते, अमेरिकन पद्धतीच्या बटणाला सुमारे २८ मि.मी.चे. बटणाची कड भोकापेक्षा मोठी असते, म्हणून दोन बटणांच्या मध्यबिंदूंत ३६ ते ४० मि.मी. अंतर ठेवावे. घरात लहान हात असतील तर ३६ बरे. ‘सुरू करा’चे बटण हातांपासून दूर, वरच्या कडेला असावे. नाहीतर खेळाच्या भरात तेच दाबले जाते.

दांडा कुठे?

बहुतेक पेट्यांत दांडा डावीकडे आणि बटणे उजवीकडे असतात. डावखुऱ्या मुलाला हे जड जाऊ शकते. एखाद्याचा एक हात अधू असेल तर त्याला खेळताच येत नाही. पॅकमॅनचा दांडा मध्यभागी होता, त्यामुळे तो कोणत्याही एका हाताने खेळता येई. आपल्या फळीवरही एक दांडा मधोमध देता येतो, किंवा बटणांचा संच दांड्याच्या दोन्ही बाजूंना देता येतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली अपंग खेळाडूंसाठी एक कंट्रोलर काढला. त्याला दोन मोठी बटणे आणि बाहेरून हवी ती बटणे जोडायची भोके आहेत. ज्याला जिथे दाबता येते तिथे बटण, एवढेच त्यामागचे तत्त्व. आपल्या प्लायवूडवर ते दोन-चार जादा बटणांत साधते.

दांड्याखाली चार दिशांचे चार मायक्रोस्विच असतात. आठ दिशांचा दांडा कोपऱ्यात गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात. पॅकमॅनसारख्या चार दिशांच्या खेळात त्यामुळे वळण चुकते. दिशा रोखणारी चकती फिरवून किंवा बदलून दांडा चार दिशांचा करता येतो. तसा दांडा विकत घेतानाच पाहावा.

वायरिंग

प्रत्येक स्विचचा एक पाय एकाच सामाईक वायरला जोडायचा आणि दुसरा पाय यूएसबी सर्किटमधल्या आपापल्या जागी न्यायचा. स्विचला तीन पाय असतील तर ‘कॉमन’ आणि ‘एन.ओ.’ हे दोन वापरावेत. हिशेब सोपा आहे. एका खेळाडूच्या चार दिशा, सहा बटणे, एक ‘सुरू’ आणि एक ‘नाणे’ मिळून बारा. दोघांच्या चोवीस. सामाईक वायर बटणाबटणातून फिरवून शेवटी पुन्हा सर्किटला आणावी. मग ती एका जागी तुटली तरी सगळी बटणे चालू राहतात. वायरीला डाग देण्याऐवजी सरकवायच्या क्लिपा लावल्या तर खराब बटण दोन मिनिटांत बदलता येते.

हे काम पाच व्होल्टचे आहे, म्हणून दहावी-बारावीतल्या मुलामुलींना ते खुशाल करू द्यावे. कोणता स्विच, कोणती वायर, दोष कुठे, हे शोधताना वायरमनच्या कामाचा पहिला धडा घरीच मिळतो. पण जुना काचेच्या नळीचा मॉनिटर मुलांना मुळीच उघडू देऊ नये. त्यात वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब साठून राहतो. त्यापेक्षा चपटा एलसीडी मॉनिटर घ्यावा. वीजपुरवठ्याची जोडणी जाणत्या माणसाने करावी.

भोक पाडण्यापूर्वी

प्लायवूड १२ मि.मी.चे पुरे. त्याहून जाड घेतले तर दांडा वर कमी येतो आणि खालून लाकूड कोरावे लागते. बटणे नटाने आवळायची घ्यावीत. खटकन बसणारी बटणे पातळ पत्र्यासाठी असतात. फळीची उंची खेळणाऱ्याच्या कोपराच्या किंचित खाली यावी. घरात लहानमोठे सगळेच असतील तर पेटी टेबलावर ठेवायची करावी आणि मुलांसाठी खाली पाट द्यावा.

शेवटी पुठ्ठ्याला भोके पाडून, बटणे बसवून, आठवडाभर सगळ्यांना खेळू द्यावे. आजीलासुद्धा. कोणाचे बोट पोचत नाही, कोणाचा कोपर अडतो, हे विचारावे आणि जागा बदलाव्यात. पुठ्ठा चार वेळा बदलला तरी चालतो; प्लायवूडच्या फळीला पैसे पडतात आणि चुकीचे भोक बुजवता येत नाही. घरातल्या प्रत्येकाचा हात बसला की मगच ड्रिल हातात घ्यावे.