दात येताहेत म्हणून जुलाब?

‘दात येतायत, जुलाब व्हायचेच.’ बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा पाण्यासारखं होत असतानाही घरोघरी हेच ऐकू येतं आणि मोलाचा पहिला दिवस वाया जातो. दातांमुळे असे जुलाब होत नाहीत. सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ दिसेल ते तोंडात घालू लागतं आणि त्याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरत असते. रोटाव्हायरस या विषाणूला एवढी संधी पुरते. आधी उलट्या आणि ताप, मग पातळ जुलाब, असा त्याचा नेहमीचा क्रम.

१९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्यात हा विषाणू सापडला. तो फक्त अस्वच्छ वस्तीत होतो, हा समजही खरा नाही. लस येण्यापूर्वी अमेरिकेतसुद्धा पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होत असे. उकळलेलं पाणी हवंच, पण खेळण्यांवर आणि मोठ्यांच्या हातांवर टिकून राहणारा विषाणू तेवढ्याने अडत नाही.

‘जुलाब थांबायचं औषध द्या, अँटिबायोटिक द्या’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

सर्वांत घातक समज मात्र वेगळाच आहे: पाणी पाजलं की जुलाब वाढतात, म्हणून दूध-पाणी बंद करायचं. बाळाच्या जिवाला धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. विषाणूने लहान आतड्याचं अस्तर खराब केलं, तरी साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र मिळालं की आतडं पाणी शोषून घेतंच. ओआरएस याच आधारावर काम करतं. म्हणून एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं तर द्रावण जास्त तीव्र होऊन त्रास वाढू शकतो. ते चमच्या-चमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. डॉक्टर झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं. टाळू किंवा डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी अगदी कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठावा.

‘लस घेतली, तरी जुलाब झालेच’ अशी तक्रार येते. जुलाबाची कारणं अनेक असतात. ही लस फक्त रोटाव्हायरसविरुद्ध आहे आणि मुख्यतः गंभीर आजार टाळते. दिल्लीत नवजात बाळांमध्ये सापडलेल्या विषाणूपासून बनवलेल्या भारतीय लशीच्या मोठ्या चाचणीत पुण्याजवळच्या वढूची बाळंही होती. पहिल्या वर्षात गंभीर रोटाव्हायरस जुलाबाचं प्रमाण तिने निम्म्याहून अधिक घटवलं. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस मोफत मिळते: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तोंडावाटे. पहिला डोस हुकला असेल, तर बाळ वर्षाचं होईपर्यंत तो देता येतो.